चाकू टिकेल तोवर

मैनाच्या कमरेला एक कापडी चंची असते. टॉवरमधल्या बायका लिफ्टमध्ये ती चंची बघतात आणि हळूच नाक मुरडतात. त्यांना वाटतं, आत पान-तंबाखू असणार. तंबाखूला ही बाई उभ्या आयुष्यात शिवलेली नाही. आत असतो एक घडीचा चाकू, सुती फडक्यात गुंडाळलेला, आणि शिलाई मशीनच्या तेलाची एक इवलीशी बाटली. पण हे लिफ्टमध्ये कोण कुणाला सांगत बसणार? आणि सांगितलं असतं, तर तंबाखूच बरी होती असं त्या म्हणाल्या असत्या.

साठी उलटली तरी तिला सगळे मैनाच म्हणतात. हडपसरला सून म्हणून आली तेव्हा तिथे खरंच गाव होतं. दाराशी गोठा, मागे ऊस, आणि उसाचं काम नसेल तेव्हा बायकांनी मांजरीकडच्या गुलाबाच्या नर्सऱ्यांत मजुरीला जायचं. नर्सरीत कामाची वाटणीच अशी होती की बायकांनी खुरपायचं, पिशव्यांत माती भरायची, पट्ट्या बांधायच्या. डोळे भरायचे ते पुरुषांनी. डोळा भरणं म्हणजे काय, तर जंगली गुलाबाच्या खुंटावर साल उभी-आडवी चिरायची, चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा कोंबाचा डोळा पातळ सोलून त्या चिरेत सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. जंगली मुळावर मग शहाणा गुलाब वाढतो. सगळा खेळ पात्याच्या धारेचा. चीर जरा खोल गेली की खुंट खराब, जरा फाटली की डोळा वाळला. दिवसभर वाफ्यावर वाकून काम, त्यामुळे चाकू घडीचाच हवा. उघडं पातं कमरेला खोचून वाकलं तर पहिलं कलम स्वतःचंच व्हायचं.

बायकांतली पहिली चाकूवाली सोजरबाई. तिथल्या टोळीची ती पुढे मुकादमीण झाली. तिने मैनाची बोटं पाहिली आणि एक दिवस तिला पट्ट्यांवरून उठवून खुंटापाशी बसवलं. पुरुषांत लगेच कुजबुज सुरू झाली. बाईने चीर दिली की डोळा जळतो म्हणे! पंधरवड्याने मैनाच्या वाफ्यात कोंब दिसले, तेव्हा तीच मंडळी म्हणायला लागली की यंदा हवाच चांगली आहे. सोजरबाईने मग तिला बोहरी आळीत नेलं आणि पहिल्या हंगामाच्या मजुरीतून हा चाकू घ्यायला लावला. शिसवी मूठ, बोटभर लांबीचं पोलादी पातं, आणि मुठीच्या दुसऱ्या टोकाला साल उचलायला पितळेची छोटी जीभ. गळ्यातलं सोडलं तर मैनाने स्वतःच्या नावाने घेतलेली ती पहिली वस्तू. गळ्यातलं तरी तिने कुठे घेतलं होतं?

पुढे शहर आलं. नेहमी येतं तसंच आलं, आधी रस्ता आणि मग बिल्डर. मैनाचा नवरा जयसिंग आणि त्याच्या भावांनी जमीन दिली, तिथे टॉवर उभे राहिले आणि त्यातले फ्लॅट वाट्याला आले. गोठ्याच्या जागेवर आता पोहण्याचा तलाव आहे. जयसिंगने विळे, कोयते, पहारी, कुळव सगळं भंगारवाल्याला दिलं आणि पांढरे कपडे शिवून घेतले. तो वाईट माणूस नव्हे. बायकोवर कधी हात उगारला नाही, मुलाला शिकवलं, सुनेला घालूनपाडून बोलला नाही. पण पैसा आल्यावर त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: ज्याच्या बायकोला काम करावं लागत नाही तो मोठा माणूस. आणि त्याची बायको तर सकाळी भाकरी बांधून मजुरीला जात होती.

वास्तुशांतीच्या दिवशी भर पंगतीत विषय निघाला. भावांपैकी कुणीतरी म्हणालं, "वैनी, आता तरी नर्सरी सुटली म्हनायची." मैना वाढता वाढता म्हणाली, "सुटली कशानं? उद्या जायचं हाय." पंगतीतल्या माना जयसिंगकडे वळल्या. जयसिंगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चार पाहुण्यांदेखत बायकोला नाही म्हणावं तर ही ऐकणार नाही, हो म्हणावं तर नाक कापलं जाणार. त्याने मधला रस्ता काढला, आणि तो त्याला फार हुशारीचा वाटला.

"जा," तो म्हणाला. "तो तुझा चाकू चालतोय तोवर खुशाल जा. ज्या दिवशी मोडंल त्या दिवशी घरी बसायचं. दुसरा आनायचा न्हाई. ठरलं?"

पंगत हसली. चाकू तेव्हाच म्हातारा होता. मुठीला तडा गेलेला, पातं धार लावून लावून अर्धं झिजलेलं. दिवाळीपर्यंत टिकला तरी खूप, असा जयसिंगचा हिशेब. मैना हसली नाही. ती आमटी वाढत पुढे सरकली. पण ऐकणाऱ्यांना वाटलं, कबूल झाली. तिलाही तसंच वाटलं.

त्या दिवसापासून तिने तो चाकू डोळ्यांत तेल घालून जपला. गुलाबाचा चीक पात्यावर वाळला की काळे डाग पडतात आणि डागातून पोलाद खायला लागतं. म्हणून दर खुंटाला नाही तरी दर ओळीला पातं पुसायचं. पातं मिटताना खट्कन सोडायचं नाही, कारण धार आत स्प्रिंगवर आपटते. बोटाने धरून हळू मिटवायचं. दारावर येणाऱ्या धारवाल्याला तर चाकू दाखवायचासुद्धा नाही, कारण त्याचं फिरतं चाक एका बैठकीत वर्षाचं पोलाद खातं. ती स्वतः निसण्याच्या दगडावर, पाण्याचा हात लावून, एकाच बाजूने धार लावायची. आठवड्यातून एकदा खिळ्यापाशी तेलाचा थेंब. त्या चाकूने तिने कधी पेरू कापला नाही, सुतळी कापली नाही, डब्याचं झाकण उचकटलं नाही. आणि कुणाच्या हातात दिला नाही. घडीचा चाकू कापल्याने मरत नाही, तो उचकटल्याने आणि पिरगळल्याने मरतो, हे तिला ठाऊक होतं. घरात मात्र ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण घरात दुसरं काही धारदार उरलंच नव्हतं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, पुढची दिवाळी आली. चाकू चालतोच आहे. मुलाचं, सार्थकचं, इंजिनिअरिंग झालं, त्याला नोकरी लागली, ऋतुजा सून म्हणून आली. चाकू चालतोच आहे. जयसिंगने हात टेकले असते तर बरं, पण तो बारीक नजर ठेवून होता. मूठ अखेर फुटली तेव्हा मैनाने सुताराकडून नवी बसवून आणली. जयसिंगने लगेच हरकत घेतली.

"मूठ बदलली म्हंजे चाकू बदलला. करार मोडला."

"तुमचे वरचे दात बदलले, तवा म्या नवरा बदलला का?" मैना म्हणाली आणि पोळपाट घेऊन बसली.

ऋतुजा बाहेर येऊन इतकी हसली की तिला कॉल म्यूट करावा लागला. जयसिंग दोन दिवस कवळी न घालता हिंडला.

मग खिळा झिजला, पातं डुगडुगायला लागलं. तांबट आळीतल्या एका म्हाताऱ्या तांबटाने पितळेची तार ठोकून खिळा करून दिला. मग स्प्रिंग थकली. मैना ती घेऊन बोहरी आळीत गेली. दुकानदाराने चष्म्यावरून चाकूकडे बघितलं आणि हातसुद्धा लावला नाही.

"आजी, आम्ही चाकू विकतो. उत्तरक्रिया करत नाही."

"मेला न्हाई अजून," मैना म्हणाली. "स्प्रिंग द्या."

"स्प्रिंग सुटी मिळत नाही. नवा घ्या. नवा घेण्यात काही कमीपणा आहे का?"

"हाय," मैना म्हणाली.

ती एवढं ठासून म्हणाली की दुकानदार आतून जुन्या मोडक्या चाकूंचा डबा घेऊन आला. त्यातली एक स्प्रिंग घासूनपुसून बसली. आता चाकूत मूठ नवी, खिळा नवा, स्प्रिंग दुसऱ्याची. पहिलं फक्त पातं उरलं होतं, तेही काडीसारखं बारीक. मैनाला त्याचा अभिमान होता, उगाच खोटं कशाला बोला? रोज सकाळी चंची बांधताना आपण नवऱ्याला आणखी एका दिवसाने हरवलं, असं तिला वाटायचं आणि पायांत बळ यायचं.

यंदा खंडेनवमी आली. या दिवशी घरातली हत्यारं धुऊनपुसून देवापुढे मांडायची, त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची आणि दिवसभर त्यांना काम सांगायचं नाही, विसावा द्यायचा. फ्लॅटमध्ये सार्थकचा लॅपटॉप, ऋतुजाचा लॅपटॉप, दोन गाड्यांच्या किल्ल्या आणि मिक्सर मांडला होता. त्या सगळ्यांच्या मध्ये मैनाने चाकू ठेवला, उघडून, पातं दिसेल असा. वर्षातला हा एकच दिवस चाकू तिच्या कमरेला नसायचा. भाऊ, भावजया, पोरंबाळं जेवायला आली होती. जयसिंग देव्हाऱ्यापुढे उभा राहिला, मग बाजूला झाला. त्याच्याकडे मांडायला काही नव्हतं. भावांपैकी कुणाकडेच नव्हतं, पण त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. जयसिंगला मात्र ते लागत होतं. हे मैनाला त्याच्या मानेवरून कळलं, आणि क्षणभर तिला त्याची कीव आली.

पूजेचा नारळ फोडला. वाट्यांतून खोबरं निघेना. ऋतुजा स्वयंपाकघरात सुरी शोधत होती, मैनाचे हात पुरणात होते. बाहेर जयसिंग म्हणाला, "आना हिकडं, म्या काढतो." मग खट् असा आवाज आला. मोठा नव्हता. पण मैनाने तो ओळखला आणि पुरणाचा हात तसाच घेऊन ती बाहेर आली.

जयसिंगच्या एका हातात नारळाची वाटी होती, दुसऱ्या हातात चाकूची मूठ आणि निम्मं पातं. टोकाकडचा तुकडा खोबऱ्यात अडकून राहिला होता. पुढ्यात झेंडूच्या पाकळ्या सांडल्या होत्या. त्याने चाकू देवापुढून उचलला होता, नवमीच्या दिवशी, विसाव्याला ठेवलेला.

सगळे बघत होते. जयसिंगला आधी लाज वाटली, ते स्पष्ट दिसलं. तेवढ्यात एका भावाने "वैनी, आता सुटली की नर्सरी!" असं म्हटलं, आणि जयसिंगने ती लाज गिळली.

"मोडला," तो म्हणाला. "ठरल्यापरमानं आता घरी बसायचं."

"हत्यार देवापुढनं उचललंत," मैना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आजच्या दिवशी. नारळ उचकटाया. तुम्ही जल्मभर शेती केली, तुम्हाला कळत न्हवतं का पातं मोडंल म्हनून?"

जयसिंगला कळत होतं. एवढा जन्म कोयत्या-विळ्यांत काढलेल्या माणसाला ते कळणार नाही तर कुणाला? त्याने मान फिरवली, तेव्हा पंगतीतल्या लहान पोरांनासुद्धा समजलं.

मैनाने त्याच्या हातातून चाकू घेतला आणि ती स्वयंपाकघरात गेली. रडली नाही. हात धुतले, पातं धुतलं, पुसलं. सवयीने तेलाची बाटलीसुद्धा काढली. ऋतुजा तिच्या मागे आली होती. ती पुन्हापुन्हा पात्याकडे बघत होती.

"आई, अर्धं पातं आहे अजून," ती हळूच म्हणाली. "घासून टोक काढता येईल ना? तुम्हाला तशीही पुढची एवढीशीच धार लागते. मग चालतोय म्हणता येईल. बाबांना बोलताच येणार नाही."

पोरगी चुकीचं बोलत नव्हती. मैनाने अंगठ्याने पात्याची जाडी चाचपली होतीच. दोन दिवस निसण्यावर बसलं की टोक निघालं असतं. वाकडंतिकडं, पण डोळे भरण्याजोगं. आणखी दोन-तीन हंगाम सहज निघाले असते. जयसिंग परत हरला असता आणि परत नजर ठेवून बसला असता.

आणि तिथेच, तेलाची बाटली हातात धरून, मैनाचं डोकं भणाणलं. इतकी वर्षं आपण जपत काय आलो? तिला वाटत होतं, चाकू. पुसला तो, तेल घातलं त्याला, बोहरी आळीची पायरी झिजवली त्याच्यासाठी. आणि जपला काय, तर नवऱ्याचा पंगतीतला एक शब्द! तो बाबा बोलून मोकळा झाला, आणि आपण त्या शब्दाला मूठ बदलून, खिळा बदलून जिवंत ठेवत बसलो. रोज सकाळी जिंकल्यासारखं चालत गेलो, आणि रोज सकाळी त्याची परवानगी कमरेला बांधून गेलो. सोजरबाईने चाकू हातात दिला तेव्हा कुणाला विचारलं होतं? तिला स्वतःचा इतका राग आला की कानशिलं तापली.

"घासायचा न्हाई," ती म्हणाली.

"अहो पण आई, मग तुम्हाला..."

"घासला की त्यांचंच खरं ठरतंय, ऋतुजा. मोडला तरी त्यांचं, चालला तरी त्यांचं. आता न्हाई."

तिने बाटली फळीवर ठेवली, मोडका चाकू मिटला, पहिल्यांदाच खट्कन मिटला, आणि बाहेर येऊन सगळ्यांदेखत जयसिंगच्या पानाशेजारी ठेवला. मग पुरण वाढायला घेतलं. जयसिंगला तिने इतरांपेक्षा एक पोळी जास्तच वाढली, आणि त्याला ती संपवावी लागली.

दुसऱ्या दिवशी दसरा. नर्सरीत हंगामाचा पहिला डोळा दसऱ्याच्या मुहूर्तावर भरायची पद्धत आहे. सोजरबाईने ती घालून दिली आणि सोजरबाई आता काठी टेकत येते तरी ती मोडलेली नाही. मैनाने सकाळी दाराला तोरण बांधलं, नैवेद्य दाखवला, सगळ्यांना सोनं दिलं. मग ठेवणीतलं लुगडं बदलून कामाचं नेसली आणि भाकरी बांधली. चंची घेतली. ती हलकी लागत होती.

जयसिंग दिवाणखान्यात बसला होता. चाकू त्याच्यासमोर टीपॉयवर होता. रात्रीत त्याने तो उघडून-मिटून पाहिला असावा, कारण पातं अर्धवट बाहेर होतं.

"कुठं निघालीस?"

"कामाला."

"आन् ह्यो?" त्याने चाकू पुढे केला. आवाजात जोर नव्हता. "घासून दिऊ का? टोक निघंल. म्या काढून देतो. चालतोय म्हनू आपन."

हे मात्र मैनाला अपेक्षित नव्हतं. ती दारात थांबली. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि तो खरंच घासूनही देत होता. मैनाला ते कळलं आणि तिचा राग जरासा निवलाही. पण तो परत तिला तीच परवानगी देत होता, या वेळी धार लावून.

"नगं," ती म्हणाली. "नर्सरीत कटर हायेत, त्यावर आजचा दिस काढीन. उद्या बोहरी आळीत जाऊन नवा आनीन. तो मोडला की आनिक एक आनीन."

"पन आपलं ठरलं हुतं..."

"तुम्ही ठरवलं हुतं. म्या आमटी वाढत हुते."

जयसिंगने चाकू खाली ठेवला. सार्थक आतून बाहेर आला होता, तो वडिलांकडे बघेना आणि आईकडेही. मग जयसिंगने विचारलं, भांडायला नाही, खरंच कळेना म्हणून विचारलं, "मग तू घरी बसनार तरी कधी?"

मैनाने चपला पायांत सरकवल्या.

"हात थकले की बशीन," ती म्हणाली. "ते मला कळंल. मग तुम्हाला सांगंन."